नावात कोल्हापूर, ताटात काय? : साखळी उपाहारगृहांच्या मेनूकार्डातील वर्णनभाषेची चिकित्सा

प्रस्तावना

कोल्हापूर शहरातील राजारामपुरी ही वसाहत छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाने ओळखली जाते. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या तिच्या गल्ल्या, मुख्य रस्त्यालगतची दुकाने आणि संध्याकाळी तेथे होणारी गर्दी यांमुळे ती आज शहरातील एक प्रमुख बाजारपेठ झाली आहे. या बाजारपेठेत खाण्यापिण्याच्या व्यवसायाचे दोन थर शेजारीशेजारी नांदताना दिसतात. एका बाजूस मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशी मिसळीची हॉटेले, चहाच्या टपऱ्या व खाणावळी आहेत. दुसऱ्या बाजूस एकच नाव, एकच रंगसंगती व एकच मेनूकार्ड अनेक शहरांत वापरणारी साखळी उपाहारगृहे आहेत. पहिल्या प्रकारात पदार्थांची नावे भिंतीवरच्या फळ्यावर चार शब्दांत मावतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक पदार्थाखाली दोन-तीन ओळींचे वर्णन छापलेले असते.

या छापील वर्णनात 'व्हेज कोल्हापुरी' हे नाव वारंवार भेटते. कोल्हापुरात बसून 'कोल्हापुरी' मागविण्याचा हा प्रसंग वरवर गमतीचा वाटला तरी विचार करावयास लावणारा आहे. कारण कोल्हापूरच्या घरांत भाज्यांना कांदा-लसणीची चटणी पडत असली, तरी 'व्हेज कोल्हापुरी' या नावाची भाजी शिजत नाही. जे नाव या गावाचे म्हणून देशभर विकले जाते, ते या गावालाच मेनूकार्डातून कळले आहे.

खाद्यपदार्थांतील भेसळीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. शब्दांतील भेसळीविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. प्रस्तुत लेखात मेनूकार्डाकडे एक संहिता म्हणून पाहून, तिच्यातील वर्णने ग्राहकाची दिशाभूल कोणत्या पातळीवर करतात, कायदा त्यांपैकी कोणती दिशाभूल पकडू शकतो व कोणती त्याच्या हातून निसटते, याचा विचार करावयाचा आहे.

मेनूकार्डापूर्वीचा विश्वास

मेनूकार्डाची गरज केव्हा निर्माण होते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. कोल्हापुरातील गंगावेशेच्या दूधकट्ट्यावर म्हैस गिऱ्हाइकाच्या समोर उभी असते. धार त्याच्या डोळ्यांदेखत काढली जाते आणि फेसाळ पेला त्याच्या हातात येतो. तेथे 'ताजे', 'शुद्ध', 'निर्भेळ' अशा विशेषणांना काही काम उरत नाही. वस्तू व तिचा उगम दोन्ही समोर असल्यामुळे शब्दाने भरून काढावयाचे अंतरच नसते. मटणाच्या खाणावळीतही पूर्वी स्वयंपाक करणारी व्यक्ती ठाऊक असे, मसाला कोणाकडे कांडला जातो हे ठाऊक असे, आणि चव बिघडली तर ते तोंडावर सांगण्याची सोय असे.

उगम व उपभोग यांच्यामध्ये अंतर पडू लागले की वर्णनभाषा जन्माला येते. साखळी उपाहारगृहात हे अंतर सर्वाधिक असते. ग्रेव्ही, मसाले व अर्धशिजवलेले पदार्थ मध्यवर्ती स्वयंपाकघरात तयार होतात, थंड साखळीतून शाखांपर्यंत येतात व तेथे गरम करून वाढले जातात. या पद्धतीत गैर काही नाही. स्वच्छता व एकसारखेपणा यांच्या दृष्टीने तिचे फायदेही आहेत. परंतु ग्राहकाला जे दिसत नाही त्याची जागा शब्द घेतात, आणि म्हणून त्या शब्दांवरची जबाबदारी वाढते.

हॉटेलच्या पाटीवरचा शब्द हा केवळ जाहिरात नसतो, तो एक जाहीर वचनही असतो, याचे उदाहरण याच शहराच्या इतिहासात आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढण्यास साह्य केले व स्वतः तेथला चहा घेऊन त्या काळच्या रूढीला उघड आव्हान दिले. त्या हॉटेलचे नाव 'सत्यसुधारक' होते. ज्या काळात हॉटेलांच्या पाट्या स्वयंपाक्याची जात सांगून गिऱ्हाइकाला आश्वस्त करीत, त्या काळात या पाटीने दुसरेच आश्वासन दिले आणि ते पाळले गेले. पाटीवरच्या शब्दामागे कोणीतरी उभे असावे लागते, एवढाच याचा येथे अभिप्रेत अर्थ आहे.

अभिधेच्या पातळीवरील दिशाभूल : 'चीज'चे प्रकरण

भारतीय साहित्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या आहेत : अभिधा, लक्षणा व व्यंजना. शब्दाचा सरळ, कोशगत अर्थ देणारी ती अभिधा. तो अर्थ जुळेनासा झाल्यावर त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ देणारी ती लक्षणा. आणि या दोहोंच्या पलीकडचा सूचित अर्थ देणारी ती व्यंजना. मेनूकार्डातील दिशाभूल याच तीन पातळ्यांवर घडते असे दिसते.

अभिधेच्या पातळीवरील वादाचे महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे मॅकडोनाल्ड्सच्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील शाखेचे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने तेथे तपासणी केली. काही पदार्थांत चीजऐवजी चीजसदृश पदार्थ वापरला जातो व नावात मात्र 'चीज' असा उल्लेख करून ग्राहकाची दिशाभूल केली जाते, असा प्रशासनाचा आक्षेप होता. नोव्हेंबरमध्ये शाखेचा परवाना निलंबित करण्याचा आदेश निघाला. पश्चिम व दक्षिण भारतात ही उपाहारगृहे चालविणाऱ्या वेस्टलाइफ फूडवर्ल्ड या कंपनीने त्यानंतर काही पदार्थांची नावे बदलल्याचे प्रशासनास कळविले. 'ब्लूबेरी चीजकेक'चा 'ब्लूबेरी केक' झाला, 'चीझी नगेट्स'चे 'व्हेज नगेट्स' झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे प्रकरण वृत्तपत्रांतून गाजले. आपण खरे चीजच वापरतो, ही भूमिका कंपनीने सातत्याने मांडली आणि मार्च २०२४ मध्ये, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या तपासणीतून तसेच निष्पन्न झाल्याचे तिने जाहीर केले.

या प्रकरणात कोण बरोबर व कोण चूक, याचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की, हा वाद मिटू शकला. 'चीज' या शब्दाला कायद्याने ठरविलेली व्याख्या आहे. दुधातील घटकांची जागा अंशतः वा पूर्णतः दुधाबाहेरच्या घटकांनी घेतली असेल, तर त्या पदार्थाला दुग्धजन्य पदार्थाचे नाव वापरता येत नाही. त्याला 'अॅनालॉग' म्हणजे सदृश पदार्थ म्हणावे लागते. नमुना घेता येतो, तो प्रयोगशाळेत तपासता येतो व 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर मिळते. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळात बनावट पनीरचा प्रश्न गाजला, तोही याच जातीचा. पनीरही मोजता येते.

याच स्वरूपाचे परदेशातील उदाहरण जपानचे आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये तेथील हँक्यू हानशिन हॉटेल्स या समूहाने आपल्या उपाहारगृहांतील मेनूकार्डे चुकीची असल्याचे मान्य केले. 'शिबा' कोळंबीच्या नावाखाली स्वस्त 'व्हनामी' कोळंबी वाढली जात होती. कंपनीच्या अध्यक्षांनी पद सोडले आणि २०१४ मध्ये जपानने दिशाभूल करणाऱ्या वर्णनांविरुद्धचा आपला कायदा अधिक कडक केला. तेथेही वाद कोळंबीच्या जातीचा होता, म्हणजे अभिधेचा.

लक्षणा व व्यंजना : 'घरगुती', 'चुलीवरचे', 'गावरान'

लक्षणेचे शास्त्रग्रंथांतील ठरलेले उदाहरण 'गंगेवर गवळीवाडा' हे आहे. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही. म्हणून मुख्य अर्थाला बाध येतो व 'गंगेवर' म्हणजे 'गंगेच्या काठावर' असा अर्थ घ्यावा लागतो. मग वक्त्याने सरळ 'काठावर' असे का म्हटले नाही? कारण 'गंगेवर' म्हटल्याने त्या वस्तीचा थंडावा व पावित्र्य सूचित होते. हे सूचन म्हणजे व्यंजना.

आता मेनूकार्डातील 'घरगुती जेवण' हे शब्द घ्यावेत. हॉटेल हे घर नव्हे, हे वाचणाऱ्यास ठाऊक असते. मुख्य अर्थाला बाध येतो व 'घरच्यासारखे' असा लक्ष्यार्थ निघतो. परंतु ग्राहक पैसे मोजतो ते या लक्ष्यार्थासाठीही नव्हे, तर त्यामागून येणाऱ्या सूचितार्थासाठी : बेताचे तेल, त्याच दिवशीचा स्वयंपाक, ओळखीचा मसाला आणि पोट बिघडणार नाही ही खात्री. यांपैकी एकही शब्द मेनूकार्डात छापलेला नसतो. त्यामुळे यांपैकी एकही गोष्ट ताटात नसली तरी खोटे छापले असे म्हणता येत नाही. जे छापले नाही ते विकले जाते, ही या भाषेची खरी करामत होय. पदार्थाला आपण 'व्यंजन' म्हणतो. मेनूकार्डाने व्यंजनापेक्षा व्यंजनाच अधिक वाढावी, हा योगायोग बोलका आहे.

'चुलीवरचे' व 'गावरान' हे शब्द याहून थोडे वेगळे आहेत. चूल म्हणजे लाकडाचा जाळ, हा अर्थ स्पष्ट आहे. गावरान कोंबडी म्हणजे परसात वाढलेली देशी जातीची कोंबडी, हाही अर्थ खेड्यापाड्यांत स्पष्ट आहे. हे शब्द मुळात अभिधेचे होते. मेनूकार्डाने त्यांना हळूहळू व्यंजनेत ढकलले. आता 'चुलीवरचे' म्हणजे चुलीची आठवण करून देणारे आणि 'गावरान' म्हणजे झणझणीत, असा अर्थ रूढ होत आहे. शब्दाचा खरा अर्थ पाळणाऱ्याला त्याचे नुकसान सोसावे लागते. खरोखर लाकूड जाळणारी, धुरात डोळे चोळणारी खाणावळवाली बाई आणि गॅसवर पाकीट गरम करणारी शाखा, दोघींच्या पाटीवर एकच शब्द असतो.

प्रस्तुत लेखकाने राजारामपुरीतील एका साखळी उपाहारगृहात 'अस्सल कोल्हापुरी मसाल्यातील' असे वर्णन असलेल्या भाजीविषयी, हा मसाला कोठला, असे सहज विचारले होते. वाढणाऱ्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितले, "सर, ग्रेव्ही वरून येते. आम्ही फक्त गरम करून भाज्या घालतो." हा मुलगा, त्याच्या बोलण्यावरून, याच जिल्ह्यातला होता. मेनूकार्ड व वाढपी यांच्यापैकी खरी माहिती वाढप्याकडे होती. पण ती छापण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ डॅन जुराफ्स्की यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुमारे ६,५०० मेनूकार्डांच्या अभ्यासाचे निष्कर्ष दिले आहेत. त्यांना असे आढळले की, 'ताजे', 'स्वादिष्ट', 'खरे' यांसारखी मोघम विशेषणे अतिमहागड्या उपाहारगृहांपेक्षा मध्यम दर्जाच्या उपाहारगृहांत अधिक असतात. ज्याला आपल्या मालाविषयी ग्राहक शंका घेणार नाही अशी खात्री असते, तो 'ताजे' असे लिहीत नाही. हा निष्कर्ष अमेरिकेचा असला तरी दूधकट्ट्यावरच्या म्हशीने तो आपल्याला आधीच शिकविला आहे.

'कोल्हापुरी' या विशेषणाचे काय झाले?

मेनूकार्डात 'कोल्हापुरी' या विशेषणाचा अर्थ आज जवळजवळ एकच उरला आहे : लाल व तिखट. अनेक मेनूकार्डांत या नावापुढे मिरचीचे चित्रही छापलेले असते. कोल्हापूरच्या स्वयंपाकाशी हा अर्थ ताडून पाहिला असता त्याची अपूर्णता लक्षात येते.

कोल्हापूरच्या मटणाच्या ताटात रश्शाच्या दोन वाट्या असतात. तांबडा रस्सा व पांढरा रस्सा ही जोडी आहे. पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, खसखस, तीळ, काजू यांचे वाटण घालून केला जातो. त्यात लाल मिरचीला स्थान नाही. तो सौम्य असतो आणि घरातील लहान मुले व आजारी माणसेही तो पितात. म्हणजे या गावाच्या सर्वांत प्रसिद्ध ताटाचा निम्मा भाग पांढरा व सौम्य आहे. 'कोल्हापुरी म्हणजे तिखट' असे म्हणणारे मेनूकार्ड त्या ताटातील एक वाटी उचलून ठेवते.

तांबड्या रश्शाचेही तसेच आहे. त्याचा आधार असलेल्या मसाल्याला कोल्हापूरच्या घरांत 'चटणी' असे म्हणतात. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, कांदा, लसूण, सुके खोबरे, तीळ, धने व गरम मसाले भाजून ही चटणी कांडून आणली जाते व वर्षभर पुरविली जाते. तिच्यात रंगासाठी ब्याडगी व तिखटपणासाठी संकेश्वरी अशा मिरच्यांचे प्रमाण प्रत्येक घर आपापल्या अंदाजाने ठरविते. तिखटपणा हा तिचा एक गुण आहे. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा खमंगपणा हा तितकाच महत्त्वाचा दुसरा. साखळी उपाहारगृहांच्या मेनूकार्डात मात्र 'चटणी' हा शब्द या अर्थाने आढळत नाही. ज्या शब्दाने कोल्हापूरकर आपल्या मसाल्याला ओळखतो तो शब्द वगळून केवळ गावाचे नाव उचललेले दिसते.

यामागे व्यवसायाची एक गरज आहे. मोठ्या स्वयंपाकघरांत कांदा-टोमॅटोची, काजूची, मखनी अशा मोजक्या मूळ ग्रेव्ही तयार ठेवतात व त्यांतून अनेक पदार्थ घडवितात. तिखट वाढविले की 'कोल्हापुरी', वर काजू-बेदाणे आले की दुसऱ्या एखाद्या शहराचे नाव, अशी ही रचना असते. साखळीचे मूळ वचन सारखेपणाचे असते : कोणत्याही शाखेत जा, चव तीच मिळेल. स्थलवाचक नावाचे वचन वेगळेपणाचे असते : ही चव त्या गावाचीच आहे. ही दोन वचने एकाच पाकिटातून पाळणे अवघड आहे. तेव्हा पहिले वचन स्वयंपाकघरात पाळले जाते व दुसरे केवळ कागदावर.

येथे चपलेचे उदाहरण तुलनेसाठी घेता येईल. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे सादर केली व त्यांचे वर्णन केवळ चामडी सँडल असे केले. महाराष्ट्रातून तीव्र प्रतिक्रिया उमटल्यावर कंपनीने त्यांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. तेथे वस्तू होती, नाव नव्हते. मेनूकार्डात नाव आहे, वस्तू नाही. पहिल्या प्रसंगी आपण संतापलो. दुसऱ्या प्रसंगी आपण बिल देऊन, बडीशेप खाऊन बाहेर पडतो.

कायद्याची व्याप्ती आणि मर्यादा

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २४ ने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली असून कलम ५३ अन्वये त्यासाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जाहिराती व दावे यांविषयीच्या २०१८ च्या विनियमांनी 'नैसर्गिक', 'ताजे', 'शुद्ध', 'अस्सल', 'पारंपरिक' अशा अर्थाचे शब्द कोणत्या अटींवर वापरावेत हे सांगितले आहे. 'पारंपरिक' म्हणावयाचे तर ती कृती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली व मूलतः न बदललेली असली पाहिजे, अशी त्यामागची कल्पना आहे. वेष्टन व प्रदर्शन यांविषयीच्या २०२० च्या विनियमांनी, दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेनूकार्डावर पदार्थाचे उष्मांक दाखविणे आवश्यक केले व अॅलर्जीकारक घटकांची माहिती देण्याचीही जबाबदारी घातली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्याने स्थापन केलेल्या केंद्रीय प्राधिकरणास दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत व पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे.

या तरतुदी मोलाच्या आहेत. विशेषतः घटकांची माहिती हा केवळ चवीचा प्रश्न नाही. काजू किंवा तीळ न सोसणाऱ्या व्यक्तीसाठी 'खास मसाल्यातील' हे वर्णन निरुपयोगीच नव्हे, तर धोक्याचेही ठरू शकते. तथापि, कायदा ज्या शब्दांना मोजपट्टी आहे त्यांवरच अंमल करू शकतो. उष्मांक मोजता येतात, चीज तपासता येते. 'घरगुती' व 'कोल्हापुरी' यांचा नमुना प्रयोगशाळेत पाठविता येत नाही.

भौगोलिक उपदर्शनाचा मार्ग काही प्रमाणात उपयोगी पडतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली, आजरा घनसाळ तांदळाला २०१६ साली व कोल्हापुरी चपलेला २०१९ साली हे संरक्षण मिळाले. शिजविलेल्या पदार्थांनाही ते मिळू शकते. हैदराबादी हलीमला २०१० साली ते मिळाले आहे. त्यासाठी पदार्थाचे घटक व कृती यांचे लेखी वर्णन सादर करावे लागते. हे लेखन हीच त्या प्रक्रियेची मोठी फलश्रुती मानता येईल. परंतु ज्या 'व्हेज कोल्हापुरी'ला गावात मूळ पदार्थच नाही, तिचे वर्णन कोणी व कशावरून लिहावे?

काही आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा की, ग्राहक इतका भोळा नसतो; 'घरगुती' या शब्दावर कोणी अक्षरशः विश्वास ठेवीत नाही. हे अंशतः खरे आहे. मुंबईत जन्मलेल्या चिकन मांचुरियनचा मांचुरियाशी संबंध शोधण्यास कोणी जात नाही व त्यात कोणाची फसवणूकही होत नाही. परंतु दिशाभूल होते की नाही, हे नावाचे धनी किती जवळ व किती जिवंत आहेत यावर अवलंबून असते. कोल्हापुरी चव करणारी माणसे जिवंत आहेत, जवळ आहेत आणि त्याच चवीवर पोट भरीत आहेत. बाहेरगावचा पाहुणा एकदा लाल रंगाची तिखट भाजी 'कोल्हापुरी' म्हणून खाऊन गेला, की चार गल्ल्या पलीकडच्या खाणावळीतील खमंग पण बेताचा तिखट रस्सा त्याला 'अस्सल' वाटेनासा होतो. मग खाणावळवालाही रश्शात तिखट वाढवितो. नक्कल मुळाला आपल्यासारखे व्हावयास लावते, हा यातील सर्वांत गंभीर भाग आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खाद्यसंस्कृती प्रवाही असते, मग 'अस्सल' कशाला म्हणावे? मिरची ही मुळात अमेरिका खंडातील. पोर्तुगिजांच्या मार्फत ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. ब्याडगी व संकेश्वर ही गावे कर्नाटकात आहेत. तेव्हा तांबडा रस्सा हा सनातनही नाही आणि केवळ कोल्हापूरच्या मातीतलाही नाही. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र साखळी उपाहारगृहांना सोयीचा नाही. पदार्थ बदलतात म्हणूनच 'अस्सल' व 'पारंपरिक' हे शब्द जपून वापरावयास हवेत. 'व्हेज कोल्हापुरी' हा हॉटेल व्यवसायाने घडविलेला एक नवा पदार्थ आहे, असे प्रांजळपणे मानले तर त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. तो चविष्टही असू शकतो. हरकत आहे ती त्याच्या डोक्यावर ठेवलेल्या जुन्या फेट्याला.

तिसरा आक्षेप खर्चाचा व सोयीचा आहे : एवढी माहिती छापावयाची तर मेनूकार्डाचे पुस्तक होईल. परंतु आजही दोन-तीन ओळी छापल्या जातातच. विशेषणांची जागा नामांनी घ्यावी, एवढेच अपेक्षित आहे. 'आमच्या खास अस्सल कोल्हापुरी मसाल्यात शिजविलेल्या ताज्या भाज्या' या वाक्याऐवजी 'कांदा, टोमॅटो, काजू व लाल मिरचीच्या तयार ग्रेव्हीतील मिश्र भाज्या' हे वाक्य लांब नाही. ते कमी मोहक आहे, एवढेच.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मेनूकार्डातील दिशाभूल केवळ खोट्या शब्दांनी होत नाही. खऱ्या-खोट्याच्या कसोटीत न सापडणाऱ्या सूचक शब्दांनी ती अधिक होते.

२. कायदा मुख्यतः अभिधेच्या पातळीवर काम करतो. अहमदनगरच्या प्रकरणातील प्रश्नाला उत्तर मिळू शकले, कारण 'चीज'ला व्याख्या होती. 'घरगुती', 'चुलीवरचे', 'कोल्हापुरी' या शब्दांना तशी व्याख्या नसल्याने त्यांची जबाबदारी वापरणाऱ्याच्या सचोटीवर व वाचणाऱ्याच्या जागरूकतेवर पडते.

३. 'चुलीवरचे' व 'गावरान' यांसारख्या निश्चित अर्थ असलेल्या शब्दांबाबत, दावा सिद्ध करण्याचा भार तो करणाऱ्यावर असावा. चूल दाखविता येत नसेल तर शब्द छापू नये.

४. साखळी उपाहारगृहांनी ग्रेव्ही मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येत असल्यास तसे नमूद करावे. ही माहिती लाजिरवाणी नाही. ती लपविणे मात्र अप्रामाणिक आहे.

५. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, चटणी व मिसळीचा कट यांची, घरोघरच्या भेदांसह, लेखी नोंद करण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांच्या गृहविज्ञान, मराठी व वाणिज्य या विभागांना एकत्रितपणे हाती घेता येईल. नोंद असल्यास नक्कल ओळखता येते.

शेवटी प्रश्न केवळ एका भाजीचा नाही. एखाद्या गावाचे नाव हे तेथील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या कामाने अर्थपूर्ण झालेले असते. मिरच्या वाळविणाऱ्या, कांदा-खोबरे भाजणाऱ्या, कांडपासमोर शिंकत उभ्या राहणाऱ्या बायकांनी 'कोल्हापुरी' या शब्दात चव भरली. त्यांची नावे कोणत्याही मेनूकार्डात नाहीत व त्यांची तशी मागणीही नाही. त्यांनी भरलेला शब्द रिकामा करून विकला जाऊ नये, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे. आणि ती पुरी होण्याची सुरुवात राजारामपुरीतल्या कोणत्याही टेबलावर, मेनूकार्ड हातात घेऊन विचारलेल्या 'हा मसाला कोठला?' या साध्या प्रश्नाने होऊ शकते.